पाहताना मेंदूत नेमकं कुठे आणि केव्हा: ईईजी आणि एफएमआरआय जोडायची सुरुवात

फर्मागुडी, सांकवाळ, ताळगावचं पठार. गोव्यात शिकणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "कॉलेजात ईईजीचं यंत्र आलंय. चित्र पाहताना मेंदूतला कुठला भाग कामाला लागतो, ते त्यावरून दाखवता येईल का?" नुसत्या ईईजीवरून नाही. पण एमआरआयची जोड मिळाली, आणि प्रश्न बेताचा ठेवला, तर बरंच दाखवता येतं. ते कसं, हे इथे क्रमाने लिहितो. पायथन थोडंफार येतं आणि बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र विसरलेलं नाही, एवढं धरून चालतो.

दोन यंत्रं कशाला?

पणजीत शिगम्याची मिरवणूक जाते तेव्हा घरात दार लावून बसलात तरी ढोल-ताशाचा प्रत्येक ठोका केव्हा पडला ते कळतं. पथक नेमकं कुठल्या नाक्यावर आहे, ते मात्र छातीठोक सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पडलेला गुलाल पाहिलात तर मिरवणूक कुठून गेली ते दिसतं, पण कुठलं पथक आधी आणि कुठलं नंतर, ते त्या गुलालावरून कळत नाही. ईईजी म्हणजे ठोका, एफएमआरआय म्हणजे गुलाल.

ईईजी डोक्याच्या कातडीवरचा विद्युतदाब मोजतं. तो येतो कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थरातल्या, पिरॅमिडल पेशींकडून. हजारो पेशींमध्ये एकाच वेळी, एकाच दिशेने प्रवाह वाहिला तर बाहेर काही मायक्रोव्होल्ट पोचतात. वेळ मिलिसेकंदात अचूक, पण कवटी हा दाब पसरवून टाकते. एमईजी त्याच प्रवाहांचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. कवटी त्याच्या फारशी आड येत नाही, पण ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण, म्हणून खास खोली आणि महागडं यंत्र लागतं. मानेसरला एनबीआरसी या मेंदू संशोधन संस्थेत आणि बंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या रुग्णालयात ते आहे. गोव्यातून सुरुवात करणाऱ्याने ईईजीच धरावं.

एफएमआरआय म्हणजे मेंदू काम करत असताना एमआरआय यंत्राने लागोपाठ घेतलेली चित्रं. ते विजेकडे पाहतच नाही. पेशी कामाला लागल्या की तिथे रक्त वाढतं, गरजेपेक्षा जास्तच, त्यामुळे ऑक्सिजन सोडून बसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं आणि सिग्नल किंचित वर जातो. हा 'बोल्ड' परिणाम सेइजी ओगावा यांनी १९९० साली उंदरांत दाखवला. १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूत तो दिसला, आणि त्या पहिल्या प्रयोगांतही लुकलुकणारा प्रकाश दाखवून डोक्याच्या मागच्या भागातलं दृष्टीचं कॉर्टेक्सच पाहिलं होतं. जागा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत कळते. पण रक्ताची लाट शिखरावर यायला पाच-सहा सेकंद घेते, आणि पाहण्याची पहिली सगळी धावपळ त्याआधी पाव सेकंदात उरकलेली असते.

दोन्ही लागतात हे १९९९ सालच्या एका प्रयोगात स्वच्छ दिसतं. मार्टिनेझ, हिलयार्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना पडद्याच्या एका बाजूला लक्ष द्यायला सांगितलं. एफएमआरआय म्हणालं, लक्ष दिल्यावर व्ही१ म्हणजे दृष्टीचा पहिला टप्पा जास्त उजळतो. ईईजी म्हणालं, व्ही१ची पहिली लाट, जी पन्नासेक मिलिसेकंदांवर सुरू होते, ती लक्ष दिल्याने हललीच नाही. बदल दिसला तो नंतरच्या लाटांत. दोन्ही खरं धरलं तर अर्थ असा निघतो की वरच्या टप्प्यांकडून व्ही१कडे उलटा निरोप येतो, आणि तो उशिरा येतो. एकटं एफएमआरआय पाहणाऱ्याने "लक्षाचा परिणाम अगदी पहिल्या क्षणापासून" असं लिहून टाकलं असतं.

पायरी १: प्रश्न लहान करा

"मेंदू कसा पाहतो" हा प्रकल्प नव्हे. पहिला प्रकल्प असा घ्या ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. माझी शिफारस: पडद्याच्या चार चतुर्थांशांपैकी एकेकात बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा चौकडा क्षणभर दाखवायचा आणि व्ही१ कुठे, केव्हा जागं होतं ते शोधायचं.

हाच का, ते पुढच्या सगळ्यासाठी महत्त्वाचं आहे. व्ही१चा मोठा भाग कॅल्करीन नावाच्या आडव्या खाचेत, खाचेच्या दोन्ही काठांवर पसरलेला असतो. डावीकडचं जग उजव्या गोलार्धात, उजवीकडचं डाव्या. नजरेच्या वरच्या अर्ध्यातलं खालच्या काठावर, खालच्या अर्ध्यातलं वरच्या काठावर. हे दोन काठ एकमेकांकडे तोंड करून असल्यामुळे त्यांच्यातल्या पेशींचे प्रवाह उलट दिशांना वाहतात. म्हणून चौकडा वर दाखवला तर डोक्याच्या मागे पहिली लाट ऋण येते, खाली दाखवला तर धन. या लाटेला सी१ म्हणतात. तिचं हे उलटणं जेफ्रीज आणि ॲक्सफर्ड यांनी १९७२ सालीच मांडलं होतं.

आणि म्हणूनच पूर्ण पडदाभर चौकडा दाखवू नका. दोन्ही काठ एकदम पेटले तर त्यांचे दाब एकमेकांना खाऊन टाकतात. ईईजी म्हणेल फारसं काही नाही, एफएमआरआय म्हणेल सगळं लाल (त्याच्या नकाशात कामाला लागलेले भाग लाल रंगवतात).

पायरी २: आधी दुसऱ्याचा डेटा

स्वतः एकही इलेक्ट्रोड लावण्याआधी तयार डेटावर हात बसवा. एमएनई-पायथन हे मोफत पॅकेज घ्या. त्याच्यासोबत नमुन्याचा डेटा उतरवता येतो: एका माणसाचं ३०६ चॅनेलचं एमईजी, ६० चॅनेलचं ईईजी आणि त्याच माणसाचा एमआरआय. कधी डाव्या-उजव्या कानात आवाज, कधी नजरेच्या डाव्या-उजव्या बाजूला चौकडा. घटनांच्या यादीत डाव्या चौकड्याचा क्रमांक ३, उजव्याचा ४. दोन्ही वेगवेगळे सरासरी करा, स्रोत शोधा, म्हणजे सिग्नल मेंदूतल्या कुठल्या जागेतून आला ते काढा, आणि डाव्या चौकड्याला उजवा गोलार्ध उजळतो का ते पाहा. डावा उजळला तर पुढे जाऊ नका, चूक शोधा.

त्या नमुन्यात एफएमआरआय नाही. जोडणीचा सराव करायचा तर ओपनन्यूरो या मेंदूच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर वेकमन आणि हेन्सन यांचा चेहऱ्यांचा डेटा आहे. ओळखीचे, अनोळखी आणि विस्कटलेले चेहरे, त्याच माणसांचं ईईजी, एमईजी आणि एफएमआरआय. डेटा अवाढव्य आहे, एकाच माणसाचा उतरवा. घरचं नेट रडत असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून निदान त्याबद्दलचं वाचन तरी उरकता येतं.

पायरी ३: पडद्यावर काय

डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर पडदा ठेवला की पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे दृष्टीचा साधारण १ अंश. हिशेब सोपा होतो. हात लांब करून धरलेला अंगठा सुमारे २ अंश रुंद दिसतो, तेवढा अंदाज मनात ठेवा. नजरेच्या मधल्या १० अंशांना व्ही१चा अर्ध्याहून जास्त भाग दिलेला असतो, म्हणून चौकडा पार कडेला नेऊ नका. मध्यापासून चार-पाच अंशांवर बरा.

चौकडा ५० ते १०० मिलिसेकंद दाखवा, मधलं अंतर ३०० ते ६०० मिलिसेकंदांत कमी-जास्त ठेवा, चारही जागांचा क्रम फेटून. मध्यभागी एक टिंब, त्याचा रंग अधूनमधून बदलतो, बदलला की बटण. हे काम नुसतं नजर खिळवण्यासाठी. नजर दोन अंश सरकली तरी चौकडा वेगळ्याच जागी पडतो आणि सगळा नकाशा बिघडतो.

६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. संगणकाने "आता दाखव" म्हटलं आणि पडद्यावर खरंच उजेड पडला, यात एक-दोन फ्रेम सहज जातात. पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड चिकटवून ही तफावत मोजाच. सी१ आणि तिच्या मागोमाग येणारी पी१ यांत वीसेक मिलिसेकंदांचंच अंतर असतं. पडद्याची ढिलाई मोजली नाही तर एकीला दुसरीचं नाव लागतं.

स्कॅनरमध्ये पडदा आरशातून दिसतो आणि दृष्टीचा टापू लहान असतो. तिथे पिक्सेल नव्हे, अंश तेवढेच ठेवा. आणि सुरू करण्याआधी पडद्यावर 'क' हे अक्षर दाखवून आत झोपलेल्याला वाचायला सांगा. उलटं दिसत असेल तर तुमचं डावं म्हणजे त्याचं उजवं, आणि हा घोळ नंतर डेटावरून पकडणं फार कठीण जातं.

पायरी ४: माणूस

संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी आधी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा, मग फार फेरे पडत नाहीत. संमतीपत्र मराठी आणि कोकणीत, वाचून दाखवता येईल असं. फिट येण्याचा त्रास आहे किंवा होता का, हे स्पष्ट विचारा. लुकलुकत्या चौकड्याने काहींना झटका येऊ शकतो.

एमआरआयसाठी शरीरात पेसमेकर, क्लिप, प्लेट, डोळ्यात धातूचा कण, हे सगळं विचारणं हे तंत्रज्ञाचं काम असलं तरी तुम्हीही फोनवर आधीच विचारा. आपल्याकडच्या गोष्टी छापील यादीत नसतात: आबोलीच्या वेणीतल्या पिना, साडीच्या आतली सेफ्टी पिन, पायातली जोडवी. काजळात लोहाचे कण असू शकतात, ते एमआरआयच्या चित्रात डोळ्यांजवळ डाग पाडतात आणि एमईजीतही गोंगाट करतात. पुसून या म्हणावं.

ईईजीचा खरा शत्रू मात्र खोबरेल तेल. बाई येतात, केस विंचरून, चापूनचोपून. "काकी, तेल लावलंत?" "थोडंसंच, न्हाल्यावर." त्या थोडंसंचने इलेक्ट्रोडखालचा रोध काही केल्या खाली येत नाही. आदल्या दिवशीच सांगायचं: शॅम्पूने धुवा, तेल नको, कंडिशनर नको. दुसरा शत्रू घाम. एप्रिल-मे मध्ये उन्हातून आलेल्याला तसंच टोपीखाली बसवलं तर सिग्नल हळूहळू वरखाली झुलत राहतो. पंधरा-वीस मिनिटं थंड खोलीत बसवा, पाणी द्या, गप्पा मारा. तेवढ्यात उन्हाने आखडलेल्या बाहुल्याही सैलावतात. चष्मा असेल तर लावूनच बसवा. अंधुक दिसणाऱ्या चौकड्याची लाट लहान आणि उशिराची येते.

पायरी ५: एमआरआय

दोन गोष्टी हव्यात: मेंदूचं नीट चित्र आणि एफएमआरआय.

चित्राबाबत गडबड होते ती इथे. रुग्णालयात नेहमीचा एमआरआय जाडजूड कापांचा असतो, पाच-पाच मिलिमीटरचे. डॉक्टरला गाठ दिसायला ते पुरतं, तुम्हाला पुरत नाही. रेडिओलॉजीवाल्यांना सांगून त्रिमितीय टी१, म्हणजे मेंदूची रचना दाखवणारं चित्र, मागा, प्रत्येक बाजूने १ मिलिमीटरचा. काही यंत्रांवर त्याला एमपीरेज म्हणतात. पाचेक मिनिटांचं काम असतं. आणखी एक अट: नाक आणि दोन्ही कान चित्रात पूर्ण यायला हवेत. वेळ वाचवायला चौकट लहान करतात आणि नाकाचा शेंडा कापला जातो. पुढे जुळवणी त्याच नाका-कानांवर होणार आहे.

हे चित्र फ्रीसर्फर या मोफत सॉफ्टवेअरला द्या. ते कॉर्टेक्सचा पृष्ठभाग घडीसकट उलगडून देतं. साध्या लॅपटॉपवर रात्रभर चालतं, अडकलं असं समजून बंद करू नका. सरासरी मेंदूचा तयार साचा वापरायचा मोह होतो, पण कॅल्करीन खाच माणसागणिक वेगळ्या वळणाची असते. चेहऱ्यांच्या किंवा भाषेच्या प्रयोगात साचा एक वेळ चालेल, या प्रयोगात नाही.

एफएमआरआयमध्ये चौकडा १२ ते १६ सेकंदांच्या तुकड्यांत दाखवा: एका चतुर्थांशात चालू, मग विश्रांती, मग दुसऱ्यात. दर दोन सेकंदांनी एक पूर्ण मेंदू, दोन ते तीन मिलिमीटरचे व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचे त्रिमितीय ठोकळे. वेळ असेल तर फिरती फाक आणि पसरतं कडं दाखवून पडद्याचा नकाशाच काढून घ्या. एंगल यांनी १९९४ आणि सेरेनो यांनी १९९५ साली रूढ केलेल्या या पद्धतीने व्ही१ आणि दृष्टीचे पुढचे टप्पे व्ही२, व्ही३ यांच्या हद्दी आखता येतात. हद्दी असतील तर नंतर "हा व्ही१च" असं म्हणायला आधार राहतो.

विश्लेषणात एकच गोष्ट ठासून सांगतो: सवयीने ८ मिलिमीटरचं गुळगुळीतीकरण, म्हणजे शेजारच्या जागांचे सिग्नल एकमेकांत मिसळणं, करू नका. खाचेचे दोन काठ समोरासमोर, मधे जेमतेम फट. एवढं पुसलंत की दोन्ही काठ एकमेकांत मिसळले, आणि ज्या फरकासाठी हा खटाटोप तोच गेला. आधी पृष्ठभागावर उतरवा, मग हवं तर पृष्ठभागाच्या अंगाने थोडंसं पुसा.

पायरी ६: ईईजी

६४ चॅनेल असतील तर उत्तम, ३२ मध्ये डोक्याचा मागचा भाग दाट ठेवून भागतं. बाजारात मिळणारं चौदा चॅनेलचं हेडसेट या कामाला नको, त्याचे बहुतेक इलेक्ट्रोड पुढेच असतात. नमुने सेकंदाला ५०० किंवा १०००. टोपी घातल्यावर प्रत्येक इलेक्ट्रोडची जागा, शिवाय नाकाच्या मुळाची आणि दोन्ही कानांपुढची खूण, डिजिटायझरने, म्हणजे बिंदूची त्रिमितीतली जागा नोंदवणाऱ्या यंत्राने, टिपा. डिजिटायझर नसेल तर चोहोबाजूंनी फोटो घेऊन त्रिमितीय प्रतिमा करणारी सॉफ्टवेअरं आहेत. तेही नसेल तर निदान डोक्याचा घेर आणि टोपीची स्थिती नोंदवा.

प्रत्येक चतुर्थांशाच्या दोनशे-अडीचशे फेऱ्या ठेवा. गोंगाट फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर फेऱ्यांनी तो दहावा हिस्सा उरतो, दोनशेंनी त्याहून थोडाच कमी. सी१ अवघ्या काही मायक्रोव्होल्टची, डोळा मिचकावल्याचा धक्का शंभरावर. दर तीन-चार मिनिटांनी थांबा, माणसाला डोळे चोळू द्या.

विजेचा ५० हर्ट्झ सगळीकडून येतो: एसी, इन्व्हर्टर, ट्यूबलाइट. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालवा, नको ते चार्जर भिंतीतून काढा. मग ०.१ ते ४० हर्ट्झचा फिल्टर, मिचकावणं वेगळं काढण्यासाठी आयसीए (मिसळलेले सिग्नल सुटे करणारं गणित), चौकड्याच्या २०० मिलिसेकंद आधीपासून ५०० नंतरपर्यंतचे तुकडे, सरासरी. डोक्याच्या मागे, ओझेड आणि पीओझेड या जागांवर, वरच्या आणि खालच्या चौकड्याच्या लाटा एकमेकांवर काढून पाहा. ६० ते ९० मिलिसेकंदांत त्या विरुद्ध दिशांना गेलेल्या दिसल्या की पुढे सरकायचं. नाही दिसल्या तर कितीही भारी गणित पुढे लावलं तरी उपयोग नाही.

पायरी ७: जुळवणी

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त. ईईजीचे बिंदू एका मापपद्धतीत, टी१चं चित्र दुसऱ्या, एफएमआरआय तिसऱ्या. तिन्ही एका मापात आणायचे.

ईईजी ते टी१: नाकाचं मूळ आणि कानांच्या खुणा चित्रात ओळखून आधी ढोबळ जुळवा, मग इलेक्ट्रोडचे बिंदू डोक्याच्या कातडीवर बसतील असं बारीक करा. एमएनई-पायथनमध्ये यासाठी खिडकी आहे. डोकं फिरवून, मागून, खालून, वरून पाहा. एखादा बिंदू कवटीच्या आत बुडालेला किंवा हवेत तरंगणारा दिसतो. हवेतला बहुतेक वेळा केसांच्या गुंत्यावर टेकलेला असतो. सरासरी चूक तीन-चार मिलिमीटरच्या आत आणा.

एफएमआरआय ते टी१: कॉर्टेक्सच्या पांढऱ्या-करड्या सीमेवरून जुळवणारी पद्धत फ्रीसर्फरमध्ये आहे, ती वापरा. जुळल्यावर एफएमआरआयच्या चित्रावर टी१ची सीमा काढून कॅल्करीनपाशी मोठं करून बघा. आकडा चांगला आला म्हणून न बघता पुढे जाऊ नका. पाच मिलिमीटरची सरक म्हणजे इथे समोरचा काठ.

ओपनन्यूरोवरच्या चित्रांत ओळख लपवायला चेहरा पुसलेला असतो, तेव्हा नाक शोधत बसू नका. खुणांचे निर्देशांक डेटासोबतच्या फायलीत दिलेले असतात.

पायरी ८: उलटं गणित

डोक्यावरच्या ६४ आकड्यांवरून आतले हजारो स्रोत काढायचे आहेत. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच दाखवून दिलं होतं की बाहेरच्या दाबावरून आतले प्रवाह एकमेव असे ठरवता येत नाहीत. वेगवेगळ्या मांडणीतून तोच दाब येऊ शकतो. म्हणजे यंत्र सुधारून हा प्रश्न सुटणारा नाही. काहीतरी बाहेरून धरून चालावंच लागतं, आणि काय धरलंत यावर उत्तर ठरतं.

आधी सुलटं गणित. कातडी, कवटी, मेंदू अशा तीन थरांचं डोकं बनवा. वाहकता एमएनईत आपसूक ०.३, ०.००६ आणि ०.३ सीमेन्स प्रति मीटर घेतलेली असते. कवटी किती कमी वाहते ते त्या मधल्या आकड्यात दिसतं. कॉर्टेक्सवर दर गोलार्धात ४०९८ बिंदू ठेवा, म्हणजे दर पाचेक मिलिमीटरला एक. प्रत्येक बिंदूवर एक एकक प्रवाह ठेवला तर इलेक्ट्रोडांवर काय दिसेल, ही तालिका तयार होते.

मग उलटं. सुरुवातीला किमान-नॉर्म किंवा त्याचं डीएसपीएम हे रूप पुरे. त्याचं धरून चालणं एवढंच: कमीत कमी एकूण प्रवाहात जे स्पष्टीकरण बसेल ते घ्या. याचं उत्तर पसरट येतं, पण प्रामाणिक असतं.

आता एफएमआरआय. सरळ मोह असा की जिथे लाल तेवढेच बिंदू ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. हे करू नका. लिऊ, बेलिव्हो आणि डेल यांनी १९९८ साली सिम्युलेशन करून तपासलं: एफएमआरआयमधून निसटलेला एखादा खरा स्रोत असेल तर अशा सक्तीमुळे त्याचा प्रवाह शेजारच्या लाल जागांवर लादला जातो आणि चुकीचा इतिहास तयार होतो. त्यांनी सुचवलेला मधला मार्ग आजही चालतो. लाल जागांना पूर्ण वजन, बाकीच्यांना शून्य नव्हे, ०.१. एफएमआरआयने दिशा दाखवायची, निकाल ईईजीने द्यायचा.

स्रोत निसटतात कसे, हे माहीत असलेलं बरं. तीस मिलिसेकंदांत येऊन गेलेली लाट रक्ताला हलवेलच असं नाही. उलट, पेशी बराच वेळ पण विस्कळीतपणे काम करत असतील तर एफएमआरआय लाल होतं आणि ईईजीवर काहीच येत नाही. शिवाय मोठ्या शिरांमधून रक्त पुढे वाहतं तसा लाल डाग मूळ जागेपासून काही मिलिमीटर सरकतो. गुलालही पावसाच्या सरीने गटाराकडेच जमतो.

म्हणून प्रत्येक उत्तर दोनदा काढा. एकदा एफएमआरआयशिवाय, एकदा ०.१च्या वजनाने. दोन्हींचं शिखर साधारण एकाच परिसरात, दुसऱ्यात फक्त नेटकं, असं आलं तर छान. वजन दिल्यावर स्रोत दुसऱ्याच ठिकाणी उडी मारत असेल तर एफएमआरआयच्या नकाशाकडे आणि जुळवणीकडे परत जा. आणि एफएमआरआयचा उंबरठा, म्हणजे किती सिग्नलला 'लाल' म्हणायचं ती मर्यादा, उत्तर पाहून हलवू नका, आधी ठरवा, लिहून ठेवा.

पायरी ९: स्वतःला पकडा

खोटा डेटा तयार करा. उजव्या गोलार्धात, कॅल्करीनच्या वरच्या काठावर ८० मिलिसेकंदांना १० नॅनोअँपिअर-मीटरचा प्रवाह ठेवा, तुमच्याच खोलीतला गोंगाट मिसळा, आणि तीच सगळी साखळी चालवा. परत कुठे येतो? काठ बदलत असेल, शेजारच्या व्ही२मध्ये सांडत असेल, तर खऱ्या डेटातही तसंच होणार. ही तपासणी एका दुपारचं काम आहे आणि ती केलेले प्रबंध फार थोडे दिसतात.

मग खऱ्या डेटात सी१चं उलटणं पाहा. पण फक्त उलटलं म्हणून व्ही१ सिद्ध झालं असं लिहू नका. अलेस, येट्स आणि नॉर्सिया यांनी २०१० साली दाखवलं की व्ही२ आणि व्ही३ यांच्या घड्यांमुळे त्यांच्याही लाटा वर-खाली उलटू शकतात. उलटणं, ५० ते ९० मिलिसेकंदांची वेळ, आणि एफएमआरआयच्या हद्दींत स्रोत व्ही१मध्ये पडणं, या तिन्ही साक्षी एकत्र आल्या तर विधान टिकतं. डी रुसो, मार्टिनेझ, सेरेनो आदींनी २००२ साली साधारण याच वाटेने सी१ व्ही१मध्ये आणि पी१ त्याबाहेरच्या भागांत नेऊन ठेवली. त्यांचा लेख जवळ ठेवून तुमच्या आकृत्या ताडून पाहा.

चौकड्यापलीकडे: चेहरे, वस्तू

पुढच्या टप्प्यांत स्रोत इतके गुंतलेले असतात की वरची पद्धत दमते. तिथे वेगळी युक्ती आहे. भरपूर चित्रं घ्या. एमईजी किंवा ईईजीमध्ये प्रत्येक मिलिसेकंदाला कुठली दोन चित्रं एकमेकांसारखी 'दिसतात' आणि कुठली वेगळी, याचा तक्ता करा. एफएमआरआयमध्ये प्रत्येक भागासाठी असाच तक्ता करा. मग कुठल्या क्षणाचा तक्ता कुठल्या भागाच्या तक्त्याशी जुळतो ते पाहा. उलटं गणित लागतच नाही. सिची, पँटाझिस आणि ओलिव्हा यांनी २०१४ साली ९२ चित्रांवर हे केलं, तेव्हा व्ही१शी जुळणी १०० मिलिसेकंदांच्या आसपास आणि वस्तू ओळखणाऱ्या आयटी भागाशी १३०च्या आसपास शिखरावर आली. एक मर्यादा आहे: दोन भागांचे तक्ते सारखेच असले तर कोण कुठला ते ही पद्धत वेगळं करू शकत नाही. प्रोग्रामिंग चांगलं असलेल्याने इकडे लवकर वळावं. मला स्वतःला नवशिक्यासाठी ही वाट स्रोतशोधापेक्षा कमी धोक्याची वाटते.

एकाच वेळी मोजायचं का?

ऐकायला भारी वाटतं: स्कॅनरच्या आत ईईजीची टोपी घालूनच बसायचं. चौकड्याच्या प्रयोगाला त्याची गरज नाही. तोच चौकडा, तोच माणूस, सरासरी प्रतिसाद दोन वेगळ्या दिवशी मोजला तरी चालतो, आणि दोन्हींचा दर्जा वाढतो. एकत्र मोजणी लागते ती प्रत्येक फेरीतला चढउतार दोन्हीकडे जुळवायचा असेल, किंवा झोप, फिट अशा पुन्हा हुकमी न घडणाऱ्या गोष्टी पकडायच्या असतील तेव्हा. स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राचा धक्का ईईजीपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो, शिवाय हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डोकं किंचित हलून वेगळाच गोंगाट येतो. तो साफ करण्यात महिने जातात.

आणि साधी टोपी स्कॅनरमध्ये कधीच नेऊ नका. तारेचं वेटोळं पडलं तर ती तापून कातडी भाजू शकते. त्यासाठी प्रत्येक तारेत रोधक असलेली, स्कॅनरसाठीच बनवलेली टोपी आणि ॲम्प्लिफायर लागतात, आणि ते बसवताना तुमच्या शेजारी हे आधी केलेलं माणूस लागतं. तशी प्रयोगशाळा मिळेपर्यंत ईईजी कॉलेजात, एमआरआय रुग्णालयात, असा दोन दिवसांचा बेत करा, आणि दोन्ही दिवशी पडद्यावरच्या अंशांचा हिशेब एकाच वहीत लिहा.